आईच्या नावावरची अटक

आई अंबादेवी, अमरावतीच्या पोटात बसून साऱ्या वऱ्हाडाच्या लेकींची ओटी भरणारे माउली, आधी तुझ्या पायांवर मस्तक. मग तुला दंडवत, अकोल्याच्या राजराजेश्वरा, श्रावणात पूर्णेचे पाणी खांद्यावर वाहून आणणाऱ्या कावडींची वाट पाहणाऱ्या भोळ्या महादेवा! तुम्हा दोघांच्या आसपास रेल्वेचे जेवढे रूळ पसरले आहेत, तेवढ्याच टापूत ही कथा घडली. तेव्हा साक्षीला तुम्हीच बसा. शब्द वाढला तर आवरा, आणि प्रेम कमी पडले तर तेवढे मात्र तुमच्या पदरचे घाला.

आता नाव घेऊ या. पौर्णिमा. पौर्णिमा गजेंद्र भुयार. वय वर्षे बावीस.

चांदूर रेल्वेच्या स्टेशनावर उतरले की सात किलोमीटर आत तिचे गाव. बाप गजेंद्र संत्र्याच्या कलमा बांधतो. हात असा हलका की झाडालासुद्धा आपली साल कापली गेल्याचे कळू नये, आणि बोलणे असे कमी की दिवसाकाठी दहा वाक्ये झाली तर घरात कौतुक व्हावे. आई सत्यभामा गावची आशा सेविका. कोणत्या सुनेला कितवा महिना, कोणत्या बाळाची कोणती लस राहिली, कोणाचा ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही, हे सारे तिला पाठ. वहीत तिला पाहावे लागत नसे. आईच्या मागे मागे अंगणाअंगणांतून फिरलेल्या या लेकीने लहानपणीच ठरवून टाकले होते की आपण परिचारिका व्हायचे. अकोल्यात तीन वर्षे ती त्यासाठी शिकली, आणि या उन्हाळ्यात निकाल लागला. उत्तीर्ण! पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण!

काय तो दिवस! वसतिगृहाच्या जिन्यावरून ती आणि तिची मैत्रीण हीना दोन दोन पायऱ्या गाळत धावत आल्या. हीना ही अकोल्यातल्याच अब्दुल रहीम शिंप्यांची मुलगी. दोघींचे पांढरे कोट त्या चाचांनीच शिवले होते, आणि पौर्णिमाच्या कोटाला एक खिसा जास्त लावला होता, कारण हिचे खिसे नेहमी पट्ट्या, पेन आणि गोळ्यांच्या कागदांनी भरलेले. त्याच आठवड्यात अकोल्याच्या एका मुलांच्या दवाखान्यातून पत्र आले. काचेच्या पेटीत ठेवलेल्या, तळहाताएवढ्या नवजात बाळांच्या खोलीत तिची नेमणूक झाली होती. अट एकच : वीस तारखेपर्यंत परिचारिका परिषदेचा नोंदणी क्रमांक आणा. क्रमांक नसेल तर जागा दुसरीला.

परिषदेचा क्रमांक म्हणजे परिचारिकेच्या कपाळाचे कुंकूच म्हणा. तो असेल तर बाळाच्या अंगाला हात लावायचा अधिकार. नसेल तर तीन वर्षांचे शिक्षण पेटीत घडी घालून ठेवायचे.

दोघी निघाल्या त्या थेट नितेशच्या दुकानात. नितेश ऑनलाइन अर्ज भरून देणारा, तिशीचा, जाड भिंगांचा माणूस. त्याची बोटे कळफलकावर अशी पडत की पखवाजावर थापच पडावी.

“जन्मतारीख सांगा. आधार द्या. हसा, फोटो काढतो. इतकं नोको हसू बाई, परिषदेले वाटन लग्नाचा बायोडाटा पाठवला.”

हीना फुसकन हसली. पान उलटले. नितेश स्वतःशीच पुटपुटत टंकत गेला, “शिक्षा, नाही. खटला, नाही. अटक, नाही. नोंदणी रद्द, नाही...”

“भाऊ, थांबा.”

“काय झालं?”

“ते तिसरं काय होतं?”

“अटक? ते सगळ्यायचं ‘नाही’च असते बाई. इचारत बसलो तर संध्याकाळ होईन. सहा वर्षांत एकीचंबी ‘होय’ नाई झालं.”

पौर्णिमा पडद्याकडे पाहत राहिली. ‘यापूर्वी आपणास अटक अथवा स्थानबद्ध करण्यात आले आहे काय? असल्यास तपशील द्या.’ त्याच्यापुढे नितेशने टंकलेला तो दोन अक्षरांचा शब्द, गरीब गायीसारखा उभा.

“मले अटक झाली होती,” ती म्हणाली.

नितेशचे हात हवेतच राहिले. हीनाने तिच्या दंडाला धरले. “क्या बोल री तू? तेरेकू? कब?”

“दोन वर्षांआधी. अमरावतीले. अन् माह्या नावावर नाई झाली. माह्या आईच्या नावावर झाली.”

तर ती गोष्ट अशी.

दोन वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, जिल्ह्यातल्या आशा सेविकांनी आपल्या मागण्यांसाठी अमरावतीला जेलभरो आंदोलन पुकारले. संघटनेच्या अध्यक्ष पार्बताबाई म्हणजे साठीच्या उंबरठ्यावरची, आवाजाला लाउडस्पीकरची गरज नसलेली बाई. त्यांचा हुकूम होता की प्रत्येक गावातून एक बाई आलीच पाहिजे. आणि नेमकी आदल्या दिवशी सत्यभामा एका गरोदर सुनेला आरोग्य उपकेंद्रात पोचवून येताना बांधावरून घसरली. पाय टम्म सुजला. पौर्णिमा तेव्हा सुटीत घरी होती.

आता आपल्या वऱ्हाडात सावड नावाची एक सुंदर रीत आहे. आज तुमच्या शेतात मी राबते, उद्या माझ्या शेतात तुम्ही या. आणि मला जमले नाही तर माझ्या घरचे कोणी येईल. हात कोणाचे हे कोणी विचारत नाही, घर कोणाचे तेवढे पाहतात. पिढ्यान्‌पिढ्या शेते अशीच पिकली. सत्यभामाने त्याच हिशेबाने लेकीला सांगितले, “माही साडी नेस, माह्या जागी जाय. हजेरी माह्या नावानं लावजो.” लेकही त्याच हिशेबाने गेली. सावडीवर जावे तशी तुरुंगात गेली! कापसाच्या शेतात चालते ते पोलिसांच्या वहीत चालत नाही, हे त्या दोघींच्या मनालाही शिवले नाही.

पोलिसांनी बायांना गाड्यांत बसवले आणि एका मोठ्या सभागृहात नेले. महिला शिपाई नावे लिहीत होत्या. पौर्णिमाची पाळी आली.

“नाव?”

“सत्यभामा गजेंद्र भुयार.”

“वय?”

“बे... बेचाळीस.”

त्या शिपाईताईंनी एकदा वर पाहिले, एकदा वहीकडे पाहिले आणि लिहिले. वर ठळक अक्षरांत शीर्षक होते : अटक व सुटका. दुपारी पोहे मिळाले. बायांनी अभंग धरले. उपाशीपोटी आलेल्या एका बाईला चक्कर आली, तिचे पाय उंच करून, पदराने वारा घालून पौर्णिमाने तिला सावध केले. संध्याकाळी समज देऊन सगळ्यांना सोडले. सुटकेच्या सहीच्या जागी तिने आईच्या वळणाची सही ठोकली आणि हसत हसत घरी आली.

खरी गंमत पुढेच. महिन्याभराने संघटनेने तुरुंगात गेलेल्यांचा सत्कार ठेवला. यादीत नाव सत्यभामाचे! शाल, श्रीफळ, चौकटीतले सन्मानपत्र! सत्यभामा आधी संकोचली, मग हसली, मग शाल पांघरून घरी आली. सन्मानपत्र टीव्हीच्या वर टांगले गेले. आणि लस टोचून घ्यायला आलेल्या बायांना ती जेलची कहाणी सांगू लागली. गाडी कशी गचके खात गेली, पोह्यांत मीठ कसे कमी होते, चक्कर आलेल्या बाईला कसे सावध केले. लेकीकडून ऐकलेली ती गोष्ट तिने इतक्या वेळा, इतक्या जिव्हाळ्याने सांगितली की दोन वर्षांत तिला स्वतःलाच पोह्यांची चव आठवू लागली.

हे सगळे ऐकून हीना खुर्चीत मागे रेलली. “अगे, तो लिख दे ना ‘नाही’! पोहे खाए और वापस आए, वो क्या अटक हुई? और रजिस्टर में तेरा नाम ही नहीं. सात जनम कोई ढूँढ ले, नहीं मिलनेवाला.”

“खरं हाये,” नितेश म्हणाला. “अन् ‘होय’ लिहिलं तं अर्ज थांबते. वीस तारीख गेली समजा.”

दोघेही तिच्या भल्याचेच बोलत होते. तेवढ्यात पौर्णिमाचा हात फोटोसाठी घातलेल्या कोटाच्या त्या जास्तीच्या खिशात गेला, आणि पेनाच्या स्पर्शाबरोबर एक दिवस आठवला. दुसऱ्या वर्षी, वॉर्डात, तिने एका मुलाचा ताप शेजारच्या मुलाच्या कागदावर लिहिला होता. चूक कळताच घाबरून तिने पांढरी शाई काढली. शिकवणाऱ्या सिस्टरांनी ती बाटली हातातून घेतली आणि म्हणाल्या, “ही घरी लग्नपत्रिकेवर लाव. इथे चूक झाकायची नाही. एक रेघ मार, खालचे वाचता आले पाहिजे. बाजूला खरे लिही. सही कर, तारीख टाक. रोग्याचा जीव त्या रेघेवर असतो.”

एक रेघ. बाजूला खरे. खाली सही.

तिच्या छातीत असे धडधडू लागले की जणू निकालच पुन्हा लागणार आहे. “भाऊ,” ती नितेशला म्हणाली, “अर्ज असाच ठेवा. मी परवा येतो.”

“अवं बाई, कुठं चालली?”

“घरी. आईले इचारा लागते. अटक तिची हाये ना!”

दुपारची पॅसेंजर मूर्तिजापूर, बडनेरा करीत चांदूरला पोचली तेव्हा ऊन कलले होते. सत्यभामा अंगणात तांदूळ निवडत बसली होती. लेकीने उभ्या उभ्याच सगळे सांगितले. सत्यभामाने सूप खाली ठेवले.

“मंग तू का लिहिणार?”

“होय लिहिणार.”

“अन् मंग ते लोक इचारतीन, नाव काहून खोटं सांगतलं?”

“इचारतीन.”

“अन् माही शाल?”

या प्रश्नावर शेजारी खुरपी घेऊन बसलेल्या गजेंद्रच्या मिशीखाली काहीतरी हलले. पौर्णिमालाही हसू आले, पण सत्यभामा हसली नाही. तिची नजर दारातून आत, टीव्हीच्या वर गेली. दोन वर्षे ज्या चौकटीकडे पाहून सुना तिला ‘काकू, तुमी तं लय हिमतीच्या’ म्हणाल्या, ती चौकट. गोष्ट तिची नव्हती. पण गोष्ट सांगताना तिच्या चेहऱ्यावर आलेले तेज तर खरेच होते! ते आता कोणाला परत करायचे, आणि कसे?

“मले काई होणार नाई,” ती हळू म्हणाली. “माह्या आशापणाले काई झालं तरी मी शेतात जाईन. पण तुहा नंबर अडकला तं? तीन वर्षं वं पोरी! रात्रंदिवस अभ्यास केला. एका ‘होय’साठी सगळं पाण्यात टाकतं का?”

“आई, उद्या एखाद्या लेकराले औषध देताना माह्याकडून चूक झाली, अन् कोणाले दिसली नाई, तं मी सांगू का नोको सांगू?”

“हे काय इचारणं झालं? सांगाच लागन!”

“मंग आतापासूनच सांगाची सवय लावतो.”

गजेंद्रने खुरपी पुसली आणि दिवसातले आपले तिसरे वाक्य उच्चारले. “कलम खोटी बांधली तं झाड वाढते, पण फळ येत नाई.”

झाले! सत्यभामा उठली. पाटावर चढून तिने स्वतःच्या हाताने सन्मानपत्र खाली उतरवले, पदराने काचेवरची धूळ पुसली, घडी केलेली शाल त्यावर ठेवली. “चाल,” ती म्हणाली. “सकाळच्या गाडीनं अमरावती. ज्या ठाण्यानं नाव लिहिलं त्याच ठाण्यात. माही सावड होती, गुन्हा बी माहाच निघाला पाह्यजे.”

दुसऱ्या दिवशी अंबादेवीच्या पायरीवर डोके ठेवून मायलेकी ठाण्यात शिरल्या. समोर बसलेल्या महिला हवालदारांच्या छातीवर ज्योत्स्ना असे नाव होते. पौर्णिमाने एका दमात सांगितले, “ताई, दोन वर्षांआधी जेलभरोत मले अटक झाली होती. ते तुमी लिहून घ्या.”

ज्योत्स्नाताईंनी चष्मा कपाळावर चढवला. “अहो बाई, इथे लोक येऊन सांगतात की मी तिथे नव्हतोच, नाव चुकून आले. मी होते, माझे नाव घाला, असे सांगायला तुम्हीच पहिल्या आलात.” मग त्या थांबल्या. पौर्णिमाच्या चेहऱ्याकडे बारकाईने पाहू लागल्या. “थांबा. चक्कर आलेल्या बाईचे पाय वर धरणारी ती तूच ना?”

“हाव.”

“सत्यभामा! वय बेचाळीस!” ज्योत्स्नाताईंनी टेबलावर हात आपटला. “मीच लिहिले होते! लिहिताना माझा पेनच अडला होता. म्हटले, या बाई कोणते तेल लावतात, बेचाळिशीत गाल असे?”

ठाण्यात हशा पिकला. पण आतल्या खोलीतून बाई निरीक्षक बाहेर आल्या आणि हशा विरला. त्यांनी सगळे ऐकले. “पोलिसांना खोटे नाव सांगणे हा गुन्हा आहे, माहीत आहे?”

“आता माहीत झालं, मॅडम,” पौर्णिमा म्हणाली. नजर तिने खाली केली नाही.

“चूक माही हाये,” सत्यभामा पुढे सरसावली. “मीच पाठवली. सावडीवर.” आणि शाल, सन्मानपत्र दोन्ही टेबलावर ठेवले. “अन् हे बी तुमच्यापाशी जमा करा.”

निरीक्षक बाईंनी शालीकडे पाहिले, मायलेकींकडे पाहिले. मग म्हणाल्या, “शाल पोलिसात जमा होत नाही, मावशी. ते प्रकरण समज देऊन त्याच दिवशी मिटले. पण नोंद खोटी राहू नये, हे तुमचे बरोबर. दोघींचे जबाब घ्या. एक प्रत शिक्क्यानिशी यांना द्या. आणि पोरी, पुन्हा कोणाच्याही जागी सही केलीस तर मी स्वतः तुला आत घालीन, तुझ्याच नावाने.”

ज्योत्स्नाताईंनी जबाब लिहिले आणि जुन्या नोंदीच्या समासात त्यांचा हवाला दिला. खाली पौर्णिमाने सही केली, आपल्या वळणाची, आपल्या नावाची. शाई वाळायच्या आत तिला असे वाटले की दोन वर्षे दुसऱ्याची चप्पल घालून चाललो आणि आज आपली सापडली.

तिसऱ्या दिवशी नितेशच्या दुकानात तपशिलाच्या रकान्यात दोनशेच अक्षरे मावत होती. हीना, नितेश आणि पौर्णिमा तिघांनी शब्द कापत कापत वाक्य बसवले, जसे चाचा उरलेल्या कापडात खिसा बसवतात. ‘होय. अमरावती येथे आशा सेविकांच्या जेलभरोत अटक, सायंकाळी सुटका. मी आईच्या जागी गेले व आईचे नाव दिले. ते चूक होते. ठाण्यात खरा जबाब दिला आहे. प्रत सोबत.’

“सहा वर्षांतलं पहिलं ‘होय’,” नितेश म्हणाला, आणि तो शब्द टंकताना त्याने एक क्षण डोळे मिटले.

मग सुरू झाले वाट पाहणे. वर्गातल्या मुलींचे क्रमांक येऊ लागले. हीनाचा आला, तिने पेढे आणले, पण पहिला पेढा पौर्णिमाच्या हातात देताना तिचे डोळे भरले. पौर्णिमाच्या अर्जापुढे मात्र एकच शब्द : प्रलंबित. दहा तारीख गेली. तेरा गेली. ती गावी येऊन आईबरोबर घरोघर फिरू लागली. सोळा तारखेला फोन वाजला. सतराला सकाळी अकरा वाजता परिषदेच्या समितीपुढे व्हिडिओवर सुनावणी!

गावात व्हिडिओ चालेल एवढे नेटवर्क धरते ते फक्त ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. तेव्हा त्या ओट्यावर खुर्ची मांडली गेली. सत्यभामाने चार वेळा झाडले. पौर्णिमाने पांढरा कोट चढवला. ‘कोणी येऊ नका’ असे साऱ्यांना बजावले होते, म्हणून अर्धा गाव भिंतीच्या आडोशाला श्वास रोखून उभा होता.

पडद्यावर तीन चेहरे उमटले. मधल्या बाई पिकल्या केसांच्या, चाळीस वर्षे वॉर्ड सांभाळून निवृत्त झालेल्या मेट्रन होत्या. त्यांनी कागद उलटले.

“पौर्णिमा, नोंदीत तुझे नाव कुठेच नव्हते. ‘नाही’ लिहिले असतेस तर आम्हाला कधीच कळले नसते. मग का लिहिलेस?”

“मॅडम, चार्टावर चूक झाली तर आम्हाला एक रेघ मारून बाजूला खरे लिहायला शिकवले आहे. तो चार्ट माझा होता.”

मेट्रनबाईंनी पेन खाली ठेवले. “समजा तू ड्यूटीवर आहेस. एका बाळाला दुसऱ्याचे औषध गेले. कोणी पाहिले नाही. तू पहिल्यांदा काय करशील?”

“पहिल्यांदा बाळाकडे पाहीन. श्वास, रंग, नाडी. मग डॉक्टरांना बोलावीन. मग लिहीन.”

“आणि आईला? बाळाच्या आईला?”

असा प्रश्न पौर्णिमाला कोणी विचारला नव्हता. “तिलाही सांगीन, मॅडम. भीती वाटेल. पण सांगीन.”

आणि नेमक्या याच क्षणी, भिंतीच्या आडून सत्यभामाचा धीर सुटला. ती थेट पडद्यासमोर आली. “रामराम मॅडम. मी सत्यभामा. वय आता चव्वेचाळीस, खरंखुरं. पोरीची चूक नाई जी. मीच तिले सावडीवर धाडली होती.”

“सावडीवर? म्हणजे?”

“म्हणजे असं पाहा. तुमच्या शेतात कापूस हाये, माह्या शेतात कापूस हाये...”

“आई!” पौर्णिमाने डोक्याला हात लावला.

“बोलू दे गं त्यांना,” मेट्रनबाई म्हणाल्या, आणि सत्यभामाने सुजलेल्या पायापासून पोह्यांतल्या मिठापर्यंत सारे सांगितले, यावेळी प्रत्येक वाक्याला जोडून, “हे मी नाई पाह्यलं, पोरीनं सांगतलं.” तिन्ही चेहरे हसू दाबत होते. शेवटी मधल्या बाईंना ते दाबणे जमले नाही.

“मावशी,” त्या म्हणाल्या, “कापूस वेचायला खुशाल पाठवा. पण उद्या ही ड्यूटीवर आजारी पडली तर हिच्या जागी तुम्ही कोट घालून येऊ नका.”

आडोशाचा अर्धा गाव खो खो हसत बाहेर आला. पण मेट्रनबाईंनी लगेच आवाज बदलला. समिती लेखी समज देईल, ती तिच्या फाइलमध्ये कायम राहील. निर्णय कळवला जाईल. पडदा काळा झाला.

अठरा तारीख सरली. एकोणीस तारखेची सकाळ सरली. पौर्णिमा एका बाळंतिणीच्या बाजेपाशी बाळाचे वजन करीत होती, आणि खिशात फोन थरथरला. तिने आधी वजन वहीत लिहिले. दोन किलो आठशे. मग फोन काढला. समजेचे पत्र, आणि त्याखाली नोंदणी क्रमांक! तिच्या नावावरचा, तिच्या स्वतःच्या नावावरचा क्रमांक!

“आईऽऽ!” ती अशी ओरडली की बाळ दचकले, बाळंतीण हसली, दारातला कोंबडा उडाला आणि बाहेर कलमांच्या ओळीत गजेंद्र उभा राहिला. सत्यभामा धावत आली. लेकीला मिठी मारू की बाळाला शांत करू हे तिला सुचेना, म्हणून तिने दोघांनाही एकदमच कवटाळले. गजेंद्रने येऊन क्रमांक अंकाअंकाने वाचला आणि त्या दिवशी अकरावे वाक्य बोलला. “आज बोलाले हरकत नाई.”

हीनाला फोन गेला तर पलीकडून आधी किंकाळी आणि मग चाचांच्या मशीनचा आवाज. नवा कोट शिवायला घेतलाच होता.

वीस तारखेला पौर्णिमाने क्रमांक दवाखान्यात दिला आणि काचेच्या पेट्यांच्या खोलीत पाऊल टाकले. आणि पुढच्या रविवारी अमरावतीला संघटनेची सभा भरली. सत्यभामाने उभ्या उभ्या सगळ्यांसमोर सारे कबूल केले आणि शाल, सन्मानपत्र पार्बताबाईंपुढे ठेवले. पार्बताबाईंनी चौकट उचलली, मागचे खिळे वाकवून कागद बाहेर काढला आणि विचारले, “तुही पोरगी चूक कशी दुरुस्त करते म्हणतं?”

“एक रेघ मारते. बाजूला खरं लिहिते. सही करते.”

पार्बताबाईंनी पेन घेतले. ‘सत्यभामा’वर एकच रेघ मारली, अशी की खालचे नाव वाचता यावे. बाजूला लिहिले : पौर्णिमा. सही केली, तारीख टाकली. “शाल तुहीच राहू दे,” त्या म्हणाल्या. “लेक पाठवणारीले बी थंडी वाजते. पण एक आयक, सत्यभामा. पुढच्या जेलभरोत सावड फेडाची हाये. सोता येजो.”

“येतो जी,” सत्यभामा म्हणाली. “अन् वय खरं सांगतो.”

ती चौकट आज टीव्हीच्या वर आपल्या जागी आहे. सुना आता रेघेकडे बोट दाखवून विचारतात, “काकू, हे काय वं?” आणि सत्यभामा पुन्हा नव्याने गोष्ट सांगते. आता ती गोष्ट सर्वस्वी तिची आहे.

हे अंबे, हे राजराजेश्वरा! या पौर्णिमाच्या हाताला कधी थरथर येऊ देऊ नका. तिच्या पेनातली शाई आणि तिच्या मनातला धीर एकाच वेळी संपू देऊ नका. ज्या ज्या बाळावर तिची सावली पडेल ते बाळ रडत रडत मोठे होवो, हसत हसत घरी जावो. सत्यभामाचा पाय बांधावर स्थिर राहो. गजेंद्रने बांधलेली एकूण एक कलम फळाने वाको, आणि त्याच्या वाक्यांची संख्या दिवसेंदिवस वाढो. हीनाच्या आणि तिच्या मैत्रीची शिवण कधी उसवू नये. आणि त्या घराच्या उंबऱ्यातून जे काही बाहेर पडेल, मग ते लेकरू असो, फळ असो की शब्द असो, ते आपल्या खऱ्या नावाने बाहेर पडो. कल्याण असो, त्या साऱ्या घराचे कल्याण असो!